घडेवालीचा चेहरा

दाढ वहिनीची दुखत होती, पण तिडीक माझ्या डोक्यात गेली.

बहारीनमध्ये, हूऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात आम्ही दोघी नंबर लावून बसलो होतो. मी भाचीच्या लग्नासाठी वसईहून आलेली. बहारीन सोडून मला पंचवीस वर्षं कधीच उलटून गेलेली. वहिनी गाल धरून कण्हत होती आणि मी उगाच भिंतीकडे बघत होते. पाण्याच्या मशीनच्या वर एक लांबलचक छापील चित्र टांगलेलं होतं. पायऱ्या, पायऱ्यांवर पिसांचे मुकुट घातलेली माणसं, कुणाच्या कमरेला ठिपक्याठिपक्यांचं कातडं, मागे निळा रंग. डावीकडे वाजंत्री असायला हवे होते. ते नव्हते. भिंतीत मावेना म्हणून कुणीतरी चित्र डावीकडून सरळ कापून टाकलं होतं. एका वाजंत्र्याचं कोपर तेवढं राहिलं होतं. आणि उजव्या टोकाला हातात घडा घेतलेली बाई. तिचा चेहरा मात्र शाबूत.

"अगं, ही बघ ना," वहिनी गाल सोडून म्हणाली, "थेट आपली लिलीमावशी! तोच डोळा, तीच नजर."

"लिलीमावशीच आहे ती," मी म्हटलं.

"काहीतरीच तुझं." वहिनीने पुन्हा गाल धरला.

काऊंटरवरच्या मुलीने पुढच्या तारखेचं कार्ड दिलं. त्यावरही एका कोपऱ्यात तोच चेहरा छापलेला. दवाखान्याची खूण म्हणे. मी कार्ड हातात घेतलं आणि मला असं वाटलं, की ते तिथेच टराटरा फाडावं, खुर्चीवर चढावं आणि ते चित्र खाली ओढून काढावं. साठीला टेकलेल्या बाईने असं काही केलं तर पोलीस येतील आणि लग्नघरात शोभा होईल, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्याबद्दलच सांगते आहे.

तो चेहरा खोटा आहे. समुद्रापलीकडे मेक्सिकोच्या जंगलात एक पडकं देऊळ आहे, हजारबाराशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या आतल्या भिंतीवर हे चित्र आहे आणि तिथे त्या बाईला चेहरा नाही. गिलावा पडून गेलाय. त्याच्या नकलेत चेहरा बसवला मी, इथे मनामाच्या जुन्या बाजारात बसून. आणि त्याची शिक्षा भोगली हमीदचाचांनी.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. आमची ड्रॉइंगची खोली बाजारात होती, मसाल्याच्या दुकानाच्या वर. खालून दिवसभर हळदीचा, सुक्या लिंबांचा आणि वेलचीचा वास जिन्याने चढत यायचा. वर शाईचा वास, अमोनियाचा वास, एसीच्या ओल्या जाळीचा कुबट वास. उन्हाळ्यात हवेत इतकं पाणी असायचं, की ट्रेसिंगचा कागद मनगटाला चिकटून वर यायचा. म्हणून चाचा हाताखाली सुती रुमाल ठेवायचे. रोज धुतलेला, रोज इस्त्री केलेला. वाळूचं वारं सुटलं की खिडक्यांच्या फटीत जुनी बनियनं कोंबायची, तरी संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता यायचं. नाव लिहायचंही नाही, चाचा ओरडायचे. "धूळ निबात जाते गो बाय, खेळ करू नको."

बहारीनमध्ये मातीच्या टेकड्याच टेकड्या, फार जुन्या लोकांची थडगी. रस्ते, घरं बांधायला निघाले की आधी उकरायचं आणि आत सापडेल ते आमच्याकडे यायचं. फुटके घडे, शिंपल्यांचे शिक्के, तांब्याचे चुरे. आम्ही त्यांची चित्रं काढायचो. फोटो असतात की, मग चित्र कशाला, असं मला दादाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दादा हॉटेलात स्वागताला होता, त्यानेच माझा विसा करवून आणला होता. त्याचं उत्तर मला चाचांनी दिलं. "फोटो सगळाच दाखवतो. माणूस बघून, समजून दाखवतो."

हमीदचाचा रत्नागिरीचे, दाभोळच्या बाजूचे. पन्नाशीचे. जिदहफ्सला चार गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे, बायकामुलं गावाला. मी वसईची, चर्चची घंटा ऐकत वाढलेली, चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेली, आणि आपल्याला सगळं येतं असा माझा समज. तो त्यांनी एका आठवड्यात उतरवला. शिव्या देऊन नाही हो. माझं चित्र हातात घ्यायचे, निबाची धार अंगठ्याच्या नखावर तपासायचे आणि विचारायचे, "हे तू बघितलंस काय?"

घड्याचं चित्र कसं काढतात ठाऊक आहे? मधोमध उभी रेघ. डावीकडे घडा कापल्यासारखा दाखवायचा, भिंत केवढी जाड ते कळावं म्हणून. उजवीकडे बाहेरून. उजेड नेहमी वरून, डावीकडून, मग खोलीतला दिवा कुठेही असो. सावली ठिपक्यांनी. आणि मुख्य म्हणजे रेघ. जे डोळ्याने दिसलं ते सलग रेघेने. जे गेलंय, पण असं असावं असा अंदाज आहे, ते तुटक रेघेने. आणि जिथे अंदाजही करता येत नाही तिथे काही नाही. कोरा कागद. चाचा म्हणायचे, "सलग रेघ म्हणजे कसम हाय बाय. मी बघितलं म्हणून."

मी त्यांची रेघ उचलली. अक्षरशः उचलली. ते श्वास रोखून काढायचे, मी श्वास रोखून काढायला लागले. ते वळणावर निब जरा आडवं करायचे, मी पण. वर्षभरात साहेबालाही कळेना, की कुठला घडा कुणी काढलाय. आमचा साहेब इंग्रज, ठेकेदार माणूस, त्याला काम वेळेवर हवं, बाकी घड्याशी त्याचं नातं मफी, म्हणजे शून्य. पण चाचांना मोठं कौतुक. गाववाल्यांना सांगायचे, "पोरीने माझा हात घेतला." तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. आता ते आठवलं की अंगाची लाही होते.

कारण चाचांचे डोळे जात होते.

आधी ते चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत. मग सारखे पुसत. मग कागद नाकाशी नेऊ लागले. ठिपक्यांच्या सावलीत मधेच बोटभर जागा रिकामी राहायची आणि त्यांना कळायचं नाही. मला कळायचं. ते दुपारच्या नमाजाला गेले की मी त्यांच्या टेबलापाशी जायची आणि ते ठिपके भरून टाकायची. त्यांच्याच निबाने, त्यांच्याच हाताने म्हणा ना. त्यांना कधी सांगितलं नाही. काय सांगायचं? डोळे गेलेल्या ड्राफ्ट्समनला विसा कोण देतो? त्यांच्या मुलीचं, शबानाचं, लग्न व्हायचं होतं. चाचा खजूर आणि चहा घेऊन परत यायचे, चित्र उचलून धरायचे, खूश व्हायचे. मी माझ्या टेबलाशी मान खाली घालून बसायची आणि स्वतःला फार शहाणी समजायची.

अशात एका व्यापाऱ्याच्या डोक्यात किडा वळवळला. पैसेवाला माणूस, जगभर हिंडलेला. त्याने हूऱ्याच्या बाजूला स्वतःचं कलादालन काढलं आणि त्याला त्यात मेक्सिकोचं भिंतचित्र हवं होतं. बहारीनमध्ये! समोर समुद्र, मागे वाळू, आणि मध्ये पिसांचे मुकुट. पण त्याने कुठूनसे त्या भिंतीचे जुने ट्रेसिंग विकत घेतले होते. चाळीसएक वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रकार त्या देवळात कंदिलाच्या उजेडात महिनोन्महिने बसला होता, भिंतीवर कागद लावून एकेक रेघ उतरवून घेतली होती. त्यावरून मूळ मापात चित्र उभं करायचं, गिलावा केलेल्या फळ्यांवर. काम आमच्याकडे आलं.

खोटं कशाला बोलू, ते चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर होते. फळ्यांचा ओल्या चुन्याचा वास, डिंकात कालवलेल्या रंगाचा वास. त्या निळ्यासाठी आम्ही तीन आठवडे घालवले. ना आभाळाचा, ना समुद्राचा, जरा हिरव्याकडे झुकणारा, पण गढूळ नाही. जमला त्या दिवशी चाचांनी खाली जाऊन अख्ख्या जिन्याला पुरेल इतका हलवा आणला. कामाची वाटणी ठरलेली, रेघ त्यांची, रंग माझे. ते मूळ ट्रेसिंगवरून काम करायचे, मला रंगाच्या खुणांसाठी त्यांची झेरॉक्स दिलेली. ते रेघ काढताना हलक्या आवाजात त्या माणसांशी बोलायचे. "यल्ला, चल, हात वर कर रे. असा. ढोल सांभाळ." बाहेर दुपारची बांग व्हायची, खाली हमालांचा आरडाओरडा, आणि आमच्या खोलीत हजारबाराशे वर्षांपूर्वीची वरात निघालेली असायची.

शेवटची फळी घडेवालीची. चाचांनी तिचं लुगड्यासारखं वस्त्र काढलं, हात काढले, घडा काढला. खांद्यापर्यंत येऊन थांबले. चेहऱ्याच्या जागी कोरा गिलावा. "खलास," म्हणाले, ब्रश धुतला, आणि त्या गुरुवारी लवकर जिदहफ्सला गेले.

मी माझी झेरॉक्स बघितली. तिच्यात चेहरा होता. कपाळ, नाक, हनुवटी, बारीक पण सलग रेघेने काढलेली. मला वाटलं, दिसलं नाही त्यांना. एवढा चेहरा दिसला नाही! शनिवारी फळ्या कलादालनात जाणार होत्या. मी दार लावून घेतलं, त्यांचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि तो चेहरा काढला. झेरॉक्समध्ये डोळा नव्हता. डोळ्याशिवाय चेहरा कसा ठेवायचा? डोळा मी मनाने काढला, आणि मनात तेव्हा कोण होतं ते वहिनीने आज ओळखलंच. दोन तासांचं काम. फार सुरेख उतरलं. घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते. चाचांना वाचवलं ना मी!

पुढच्या आठवड्यात उद्घाटन. काचेच्या पेल्यांत सरबतं, अत्तराचा घमघमाट, सगळे मोठे लोक. व्यापाऱ्याने खास मेक्सिकोहून एक बाई बोलावल्या होत्या, ठेंगण्या, पिकल्या वेणीच्या, त्या भिंतीवर जन्म घालवलेल्या. त्या एकेक फळी बघत आल्या, खूश होत आल्या. घडेवालीपाशी थांबल्या.

मग सगळ्यांदेखत इंग्रजीत विचारलं, "हा चेहरा कुणी पाहिला? आमच्या भिंतीवर इथे काहीच नाही."

साहेबाचा चेहरा लाल झाला. रेघ कुणाची, ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. तो चाचांकडे वळला. "हमीद?"

चाचा पुढे झाले. चष्मा पुसला. नाक जवळजवळ फळीला लागलं, इतके वाकले. मी मागे उभी, हातात सरबताचा पेला, तो गळ्याशी धरलेला. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला? एक वाक्य होतं फक्त. मी काढला. तीन शब्दसुद्धा नाहीत.

चाचा सरळ झाले आणि म्हणाले, "माझीच चूक असेल, साहेब. नजर चुकली."

मला वाटलं, त्यांनी ओळखलं. माझ्यासाठी अंगावर घेतलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला दादाचं बोलणं आठवत होतं, की नोकरी गेली तर आठ दिवसांत विमानात बसावं लागेल. ही सगळी कारणं झाली. खरं सांगू? भ्याले. शेण खाल्लं.

साहेबाने चाचांना डोळे तपासायला पाठवलं. मग "लीव्ह" वर पाठवलं. मग विसाचं नूतनीकरण झालंच नाही. फळी मात्र तशीच राहिली, पुढे चित्राच्या छापील प्रतीही निघाल्या. निघायच्या दिवशी ते खोलीत आले, सगळ्यांना सलाम केला, निबांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "चाचा, परत या." ते म्हणाले, "इंशाल्ला." जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. मसाल्याच्या दुकानात कुणीतरी मिरच्या कुटत होतं, सगळे ठसकत होते, त्यामुळे माझं रडणं कुणाला कळलं नाही.

त्यांचं टेबल मला मिळालं. खणात मूळ ट्रेसिंग होते. मी घडेवालीचा कागद उलगडला. तो चेहरा तिथे होता, पण तुटक रेघेने. बारीक बारीक ठिपके, त्या जुन्या चित्रकाराचा निव्वळ अंदाज. झेरॉक्सच्या मशीनने ते ठिपके एकमेकांत कालवून सलग रेघ करून टाकली होती. चाचांनी तुटक रेघ बघितली होती. नीट बघितली होती! असलेल्या डोळ्यांनी, नसलेल्या डोळ्यांनी, जेवढे होते तेवढ्यांनी. आणि म्हणून जागा कोरी ठेवली होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी माणसाने "मी हे बघितलेलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, चाचांनी ते वाचलं, आणि मी शहाणीने त्यावर खोटी शपथ घेतली. मला सांगितलं का नाही त्यांनी, की मुद्दाम सोडलंय म्हणून? का सांगतील? भात करणारी बाई शेजारणीला सांगते का, की मी तांदळात खडे नाही टाकले?

त्यानंतर दीड वर्षं मी तिथे काम केलं, मग लग्न करून वसईला आले. एवढी वर्षं मी चाचांवरही रागावून होते. कशाला झाकलंत मला? कशाला हे ओझं टाकलंत? दरवर्षी नाताळात वाटायचं, पत्र लिहावं. कागद घ्यायचे, दोन ओळी लिहायचे, फाडायचे.

दवाखान्यातून वहिनीला घरी सोडलं आणि मी टॅक्सी करून जिदहफ्सला गेले. तिथे एका किराणा दुकानात दाभोळचा एक पोरगेलासा माणूस भेटला. त्याने फोनवर फोन लावले. त्याला काय वाटलं असेल देव जाणे, एक म्हातारी घामाघूम होऊन तेलाच्या डब्यांमध्ये उभी आहे आणि हमीद ड्राफ्ट्समन जिवंत आहेत का विचारते आहे. अर्ध्या तासाने त्याने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "शबानाआपाचा आहे. अब्बा त्यांच्याचकडे असतात."

दादाच्या घराच्या गच्चीवर जाऊन मी फोन लावला. खाली लग्नाची लायटिंग लावायला माणसं आली होती, दुपारचं ऊन रटरटत होतं. मी कोण ते सांगितलं; शबाना बोलायला गोड. "अब्बांना ऐकू येतं चांगलं. डोळे मात्र गेले. आम्ही मोतीबिंदू समजत होतो, तो काचबिंदू निघाला."

"ते काही काढतात का? म्हणजे, दिसत होतं तोवर काढायचे का?"

"नाही हो. तिकडून आले ते पेन हातात घेतलंच नाही. दिसत होतं तेव्हासुद्धा. माझ्या मुलांच्या वहीत बेडकाचं चित्र काढून द्या म्हटलं, तर म्हणायचे, माझ्या हाताचा भरवसा नाही. तिथे त्यांच्या हातून काहीतरी मोठी चूक झाली होती ना. न बघितलेलं काढून बसले म्हणे. ते त्यांनी मनाला फार लावून घेतलं."

म्हणजे त्यांनी मला झाकलं नव्हतं. त्यांना खरंच वाटलं होतं. पंचवीस-सत्तावीस वर्षं तो माणूस हेच धरून बसला होता, की आपल्या हाताने आपली कसम मोडली.

"चाचांना द्या फोन. लगेच द्या."

शबानाने दिला. श्वासाचा आवाज आला, मग तोच आवाज, जरा पातळ झालेला. "कोण, बाय? वसईची बाय काय गो? बरी हायेस ना?"

मी बरंबिरं काही म्हटलं नाही. एका दमात बोलून टाकलं. झेरॉक्स, गुरुवारची दुपार, त्यांचा ब्रश, डोळा, सगळं. त्यांच्या चित्रांत चोरून भरलेल्या ठिपक्यांचंही सांगितलं. ओरडूनच सांगत होते बहुतेक, कारण खालचे लायटिंगवाले वर बघायला लागले. "तुम्ही नाही काढलात तो, चाचा! तुम्ही बरोबर होतात. तो मी काढला. मी! ऐकताय ना?"

पलीकडे ते हलकेच हसले.

"मन मोठं हाय तुझं, बाय. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून असलं कशाला बोलतेस?"

"अहो, खरं सांगते आहे! देवाशपथ!"

"काढल्याचं आठवत नाय, पण मी बघितली ना ती रेघ, नाक लावून बघितली. माझीच होती. माझी रेघ मला कळणार नाय काय?" आणि मी हुंदके द्यायला लागले तशी माझीच समजूत घालायला लागले. "रडू नको गो. तू नाय करणार असलं. तुला मी शिकवलंय."